मराठी पोस्टरं आणि मुखपृष्ठं: प्रेरणा अक्षरात शोधायची की मूडबोर्डवर?

अक्षरवेल्हाळ (पुणे)

नव्या मराठी नाटकांची पोस्टरं, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, इन्स्टाग्रामवरची मराठी पानं आणि शहरांत नव्याने उघडलेल्या मिसळ-थालीपीठवाल्यांच्या पाट्या शेजारी शेजारी ठेवून बघा. मराठीपण दाखवायचं म्हटलं की नथ येते, पैठणीचा काठ येतो, वारली माणसं येतात, कोपऱ्यात मोडीच्या दोन ओळी येतात. सजावट अगदी मन लावून केलेली असते. ज्या शब्दासाठी एवढा खटाटोप, तो शब्द मात्र हाताला लागेल त्या फॉन्टमध्ये टाइप करून त्याच्यामागे सावली टाकलेली असते.

हा धागा त्या शब्दासाठी काढला आहे. मूडबोर्डवर, म्हणजे नमुन्यांच्या फळ्यावर, चित्रं चिकटवायच्या आधी शीर्षकातली अक्षरं कागदावर काढून बघितली, तर रचनेची निम्मी वाट तिथेच सापडते, असं माझं ठाम मत आहे.

अक्षररचनाकार कमल शेडगे यांचं काम आठवा. नाटकांच्या जाहिराती वर्तमानपत्रात एक-दोन कॉलमांत, फक्त काळ्या शाईत, खरखरीत कागदावर छापल्या जायच्या. फोटो नीट उठायचा नाही, बारीक नक्षी भरून जायची. उरायचं ते नाटकाचं नाव. शेडगे त्या नावाची अक्षरंच अशी काढत की नाटक ऐतिहासिक आहे की घरगुती, गंभीर आहे की फार्स, हे वाचायच्या आधी डोळ्यांना कळावं. प्रत्येक नावासाठी नवी अक्षरं. २०२० मध्ये ते गेले. त्यांच्या कामाकडे आजचे विद्यार्थी जुन्या काळातली गोष्ट म्हणून बघतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. मोबाइलच्या पडद्यावर अंगठ्याएवढ्या चौकोनात नाव उठून दिसलं पाहिजे, ही आजची अट आणि एका कॉलमाची तेव्हाची अट एकच आहे. त्यांनी ती हजारदा सोडवून दाखवली आहे.

दुसरं नाव र. कृ. जोशी (१९३६-२००८). जाहिरात क्षेत्रात नाव कमावलं, मग आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवलं आणि विंडोजमधला 'मंगल' हा फॉन्टही केला. टाक हातात धरणारा माणूसच संगणकावरच्या अक्षरांपर्यंत पोचला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता सध्याच्या चालींबद्दल. मला दिसतात त्या अशा: सगळीकडे एकसारख्या जाडीची भौमितिक अक्षरं (पॉपिन्स हे त्यातलं सर्वांत ओळखीचं), चित्रपटांच्या पोस्टरांवर उंच आणि दाबून अरुंद केलेली अक्षरं (खंड, टेको), खाऊच्या पाकिटांवर आणि लहान मुलांच्या पुस्तकांवर गुबगुबीत बलू आणि मोदक, आणि शिरोरेखा काढून टाकलेले लोगो. यातलं 'मोदक' मला मनापासून आवडतं. अक्षर इतकं फुगवलं आहे की आतली पोकळी फक्त एका रेघेपुरती उरते, तरी 'ध' आणि 'घ' गल्लत न होता वाचता येतात. असं करायला अक्षराचा सांगाडा पक्का माहीत असावा लागतो. शिरोरेखा उडवण्याची चाल मात्र मला अजिबात पटत नाही.

तुम्ही लोक काम सुरू करताना कुठे बघता? काय गोळा करता? जरूर लिहा.


रविवारपेठ

धागा आवडला. शिरोरेखेबद्दल सविस्तर लिहाल का? गुजराती लिपी शिरोरेखेशिवाय छान चालते. मग मराठीत एखाद्या लोगोपुरती काढली तर काय बिघडलं?


अक्षरवेल्हाळ (पुणे)

गुजरातीची अक्षरं शिरोरेखेविना वाढली, त्यामुळे त्यांचे माथे तसे घडले आहेत. देवनागरीचं अक्षर रेघेला लटकतं. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांत फरक सांगणारी एक मोठी खूण म्हणजे माथ्यावरची रेघ कुठे तुटते ती जागा. रेघच काढली की ती खूण जाते आणि सगळा भार एका छोट्या गाठीवर येतो. शिवाय शब्द एकसंध दिसतो तो रेघेमुळे. ती गेल्यावर अक्षरांमधलं अंतर नव्याने, एकेक करून जुळवावं लागतं आणि तेवढे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

रेघेशी खेळायचं असेल तर रुपयाचं चिन्ह बघा. डी. उदय कुमार यांनी केलेलं हे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारलं गेलं. देवनागरी 'र', रोमन 'आर'ची उभी दांडी नसलेला आकार आणि वर शिरोरेखा. आडव्या दोन रेघा आल्या की चलनाचं चिन्ह वाटतं, ही जगभरची सवयही त्यात साधली. शिरोरेखाच तिथे मुख्य कल्पना झाली आहे.


पेंटरचा_नातू (कोल्हापूर)

आमच्याकडे तीन पिढ्या पाट्या रंगवतात, म्हणून लिहितो.

पाटीची सुरुवात शिरोरेखेनेच होते. खडू लावलेला दोरा दोन टोकांना ताणून धरायचा आणि मधे टिचकी मारायची. पांढरी रेघ उमटते. मग खालची रेघ. मग अक्षरं मोजायची नाहीत, त्यांची रुंदी मोजायची, कारण 'र' आणि 'ज्ञ' यांना सारखी जागा देऊन चालत नाही. शब्दाचा मध्य पाटीच्या मध्यावर धरून दोन्हीकडे खडूने हलकं मांडायचं. वेलांटी आणि रफाराला वर जागा, उकाराला खाली जागा, हे आधीच सोडायचं. आमचे आजोबा म्हणायचे की पाटी बिघडते ती खडूत, रंगात नाही.

ब्रश चपटा. उभी दांडी एका ओढीत आली पाहिजे. ब्रश जिथे वळतो तिथे रेघ आपोआप जाड-बारीक होते आणि अक्षराला जीव येतो. सावली कुठल्या बाजूला टाकायची, हे दुकानावर ऊन कुठून येतं ते बघून ठरवायचे. संगणकात सावलीचं बटण दाबणाऱ्यांना हे माहीत असायला हवं, असं मला फार वाटतं.

फ्लेक्स आल्यावर आमचं निम्म्याहून जास्त काम गेलं. पण हल्ली कॅफेवाले पुन्हा हाताने रंगवलेली पाटी मागायला येतात. काही जण फोटो दाखवून 'असंच जुनं दिसणारं' मागतात. मी त्यांना सांगतो, तुमच्या दुकानाचं नाव द्या, त्या नावाला जे शोभेल ते काढतो.


उभीदांडी

पेंटरचा_नातू, तुमचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे.

यावरून हनीफ कुरेशी यांच्या 'हँडपेंटेडटाइप' उपक्रमाची आठवण झाली. त्यांनी देशभरातल्या रस्त्यावरच्या पेंटरांकडून अक्षरं काढून घेतली आणि त्यांचे फॉन्ट केले. फॉन्टला नाव त्या पेंटरचंच, 'पेंटर कफील' वगैरे. मुंबईकरांना कुरेशी 'स्टार्ट इंडिया' या रस्त्यावरची कला करणाऱ्या संस्थेमुळे माहीत असतील, ससून डॉकमधलं २०१७ चं प्रदर्शन त्याच संस्थेचं. २०२४ मध्ये, ऐन चाळिशीत, ते गेले. प्रेरणा घेतली तर नाव द्यावं, ही साधी रीत त्यांनी पाळली.

गूगल फॉन्ट्सवरचा 'यात्रा वन'ही बघा. मुंबई लोकलच्या स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो घडवला आहे. त्यात चपट्या ब्रशचा कल जाणवतो, आणि तो कल रोमन अक्षरांच्या कलापेक्षा वेगळा आहे.


पडद्यामागची (बंगळुरू)

मी मोबाइल अ‍ॅपचे पडदे डिझाइन करते. इथे थोडं वेगळं मत मांडते, कारण पॉपिन्सवर जरा अन्याय होतोय.

एकसारख्या जाडीची अक्षरं फक्त फॅशन म्हणून आली नाहीत. स्वस्त फोनच्या पडद्यावर बारीक रेघ पुसट होते. बँकेचा, दवाखान्याचा, रेशनचा मजकूर वाचताना कोणाला अडखळायला होऊ नये, हे माझं काम. त्यासाठी मुक्ता, हिंद, नोटो हे फॉन्ट रोज उपयोगी पडतात. पूर्वी मराठी पडद्यासाठी एवढ्या वजनांचे, म्हणजे कमी-जास्त जाडीचे, मोफत फॉन्ट मिळत नव्हते. 'एक टाइप' ह्या मुंबईच्या गटाने आणि इंडियन टाइप फाउंड्रीने जे उभं केलं, त्याशिवाय आजचं निम्मं मराठी इंटरनेट दिसायलाही बरं नसतं.

मला सध्या सर्वांत रस आहे तो व्हेरिएबल फॉन्टमध्ये. २०१६ मध्ये अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ही पद्धत जाहीर केली. एकाच फाइलमध्ये अक्षर बारीक ते जाड आणि अरुंद ते रुंद असं सलग बदलता येतं. एक टाइपचा 'अनेक' बघा: नऊ भारतीय लिप्या आणि रोमन, सगळ्यांना जाडी आणि रुंदी असे दोन्ही बदल. मराठी शब्द लांबले की आमची बटणं फुटायची. आता अक्षर थोडं अरुंद करता येतं आणि आकार बिघडत नाही. कारण रुंदी बदलताना दांडीची जाडी किती ठेवायची हे डिझाइनरने ठरवलेलं असतं. फॉन्ट नुसता दाबून अरुंद केला तर उभ्या दांड्या बारीक होतात आणि शिरोरेखा तेवढीच जाड राहते. चौकाचौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हे रोज दिसतं.


अक्षरवेल्हाळ (पुणे)

पडद्यामागची, पटलं. मजकुरासाठी वाचनीयता आधी. माझा आक्षेप शीर्षकापुरता आहे. बँकेच्या अ‍ॅपचा फॉन्ट आणि संगीत नाटकाच्या पोस्टरचा फॉन्ट एकच असावा, याला काही कारण सापडत नाही.


जुळारीकाका

मी खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, काळातला. छापखान्यात ते खिळे जुळवणारा जुळारी होतो.

तुम्ही वर प्रेरणेबद्दल लिहिलंत, त्यात मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचं नाव यायला हवं. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप फाउंड्री, म्हणजे खिळे ओतायचा कारखाना, काढली आणि १८६९ मध्ये छापखाना. त्यांचे संस्कृत ग्रंथ आजही हातात घेतले तर ओळ डोळ्यांना त्रास देत नाही. जाड आणि बारीक रेघांचं प्रमाण, गाठीचा गोलावा, जोडाक्षरांची उभी मांडणी, सगळं बघण्यासारखं आहे. रोमनला खिळे ठेवायच्या दोन केस, म्हणजे घरं केलेल्या पेट्या, पुरत. मराठीला त्याहून कितीतरी जास्त घरं लागत, आणि प्रत्येक जोडाक्षर कुठल्या घरात आहे ते हाताला पाठ असे. 'द्ध', 'ह्म', 'ङ्ग' अशी जोडाक्षरं एकाखाली एक बसवलेली असत. नव्या फॉन्टमध्ये पाय मोडून आडवं लिहितात, ते वाचायला सोपं असेल, पण शीर्षकात उभं जोडाक्षर जो भारदस्तपणा आणतं तो आडव्यात येत नाही. नव्या मुलांनी जुने ग्रंथ भिंगाखाली धरून बघावेत. त्यातलं एक जोडाक्षर मोठं करून भिंतीवर लावलं तरी पोस्टर होईल.

'टिरो देवनागरी मराठी' हा नवा फॉन्ट मला माझ्या मुलीने दाखवला. बरा वाटला. जुन्या छपाईची जाण त्यात आहे.


डहाणूची_वाट

धाग्यात वारलीचा उल्लेख आलाय म्हणून. मी डहाणूकडची, वारल्यांच्याच भागातली आहे.

वारली चित्र म्हणजे गोल डोकं आणि दोन त्रिकोण, एवढंच उचलून कप, पिशव्या, भिंती, हॉटेलचे मेन्यू रंगवले जातात. मूळ चित्र लग्नाचं आहे. सवाशिणी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्याच्या मधोमध पालघाट देवी असते. चौकाची नक्षी चारी बाजूंनी भरलेली असते आणि तो लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. तारपा वाजवणाऱ्याभोवतीची नाचणाऱ्यांची ओळ गोल फिरत जाते, त्यात वाजवणाऱ्याकडे पाठ करत नाहीत, म्हणून ती वळणं तशी आहेत. जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र भिंतीवरून कागदावर आणि कापडावर नेलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

डिझाइनर मंडळींना माझी विनंती आहे. काठ हवा म्हणून नाचणारी माणसं तोडून सरळ रेषेत चिकटवू नका. आमच्या पाड्यांवर आजही चित्रकार आहेत. त्यांना काम द्या, पैसे द्या, आणि नाव छापा. शिकायचंच असेल तर मोकळी जागा कशी सोडतात ते शिका. गेरूच्या रंगावर एकच पांढरा, आणि तरी भिंत रिकामी वाटत नाही.


मोडीवाचक

डहाणूची_वाट, अगदी मनातलं लिहिलंत. हेच मोडीचं झालंय. हल्ली कुर्ते, लग्नपत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठं, सगळीकडे मोडी. वाचायला जावं तर कुठल्यातरी जमिनीच्या वादाचा अर्धा कागद, किंवा अक्षरं उलटी छापलेली. शिवरायांच्या चित्रामागे उत्तर पेशवाईतलं वळण दिसतं तेव्हा जीव कळवळतो. मोडीची वळणं काळानुसार बदलत गेली आहेत, ती एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

मोडी लिहिताना आधी कागदभर आडव्या रेघा मारून घेत आणि मग अक्षरं त्यांना लटकवत जात, हात न उचलता. ती लय पोस्टरमध्ये वापरता येते. सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून देवनागरीत तो वेग आणला. त्यांच्या कामात मोडीची नक्कल नसते, तिची चाल असते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली याचा फार आनंद झाला. आणि मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, आहे, फॉन्ट मिळतात. तेव्हा निदान जो शब्द हवा तोच मोडीत लिहा.


शिकाऊ_२१

सगळ्यांचे प्रतिसाद वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. मी उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन अडचणी आहेत. एक, इलस्ट्रेटर या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाकलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर जाते आणि जोडाक्षरं सुटतात. दोन, वर्गातले बरेच जण एआयकडून पोस्टर करून घेतात. चित्र छान येतं, पण मराठी अक्षरं विचित्र येतात. असं का होतं?


पडद्यामागची (बंगळुरू)

शिकाऊ, पहिल्याचं उत्तर सोपं आहे. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पानावर भारतीय लिप्यांचे पर्याय सुरू करा, आणि परिच्छेदाच्या पॅनलमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. मग वेलांटी जागेवर येते. छापील बॅनरवर 'विठ्ठल'ची वेलांटी भलतीकडे गेलेली दिसते ती बहुतेक वेळा याच कारणाने. आणि अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, शून्यावरच ठेवा. वाढवलं की शिरोरेखेचे तुकडे पडतात.

मराठीचा 'ल' आणि 'श' हवा असेल तर पॅनलमध्ये भाषा मराठी निवडून बघा. काही फॉन्टांमध्ये हे दोन्ही आकार असतात, भाषा हिंदी राहिली की हिंदीतले उमटतात. पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' मराठीत वापरावा असं शासनानेही ठरवलं आहे.

एआयचं असं, की चित्र तयार करणारी यंत्रणा अक्षराचा आकार रंगवते. फॉन्टमध्ये 'क्ष' कसा जुळतो, वेलांटी कुठे जाते याचे नियम असतात, ते नियम ती वापरत नाही. नव्या आवृत्त्यांमध्ये सुधारणा दिसते, तरी जोडाक्षरं तपासल्याशिवाय छापायला देऊ नका. चित्र घ्यायचंच असेल तर अक्षराशिवाय घ्या आणि शब्द स्वतः काढा.


न्यूजर्सीची_पुरणपोळी

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाचं पत्रक मी करते. इथे वाढलेल्या मुलांना मराठी वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक ओळ दोन लिप्यांत लागते. दोन्ही शेजारी ठेवल्या की मराठी एकतर लहान दिसतं किंवा अंगावर येतं. काय करावं?


अक्षरवेल्हाळ (पुणे)

पुरणपोळी, पॉइंटचा, म्हणजे अक्षराच्या मापाचा, आकडा दोन्ही लिप्यांना सारखा ठेवून चालत नाही. शिरोरेखा रोमनच्या मोठ्या आणि लहान अक्षरांच्या उंचीच्या मधे कुठेतरी येईल असं डोळ्याने जुळवा. तळाची रेघ एक ठेवा. मग दोन्हींची दांडी सारखी जाड दिसते का ते बघा. बऱ्याचदा मराठीला एक वजन कमी लागतं, कारण त्यात रेघांची गर्दी जास्त. ओळींमधलं अंतर मराठीच्या हिशेबाने सोडा, म्हणजे वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांवर आदळणार नाहीत. ठळक करायचं असेल तर जाडी किंवा रंग वापरा. मराठीत रोमनसारखी मोठी लिपी (कॅपिटल अक्षरं) नाही आणि तिरकं केलेलं मराठी वाईट दिसतं. आणि मुलांना नाव वाचता येत नसेल तरी 'गणपती' हा शब्द त्यांना चित्र म्हणून ओळखता यावा एवढा मोठा आणि देखणा काढा. पुढच्या वर्षी ती मुलंच तो काढतील.


रविवारपेठ

रंगाबद्दल कोणीच बोललं नाही. पँटोन या रंगांच्या कंपनीने २०२५ चा रंग म्हणून मोका मूस नावाचा तपकिरी निवडला आणि लगेच इथल्या लग्नपत्रिका त्या रंगाच्या झाल्या. इरकलीचा काठ आणि अंग, किंवा खणाचं उभं-आडवं वेगळ्या रंगाचं सूत बघा. आमसुलीवर मोरपंखी, डाळिंबीवर लिंबू. दोन गडद रंग शेजारी ठेवायचं धाडस त्या विणकरांकडे आहे, ते आपल्या पोस्टरांत क्वचित दिसतं.


शिकाऊ_२१

पेंटरचा_नातू, एक विचारायचं होतं. ब्रशने अक्षर शिकायचं तर सुरुवात कुठून करू?


पेंटरचा_नातू (कोल्हापूर)

अक्षराच्या आधी नुसत्या दांड्या. वर्तमानपत्राचा कागद आडवा धर, म्हणजे कॉलमाच्या रेघा तुला ओळी म्हणून मिळतात, आणि पोस्टर कलर पातळ करून पानभर उभ्या दांड्या काढ. सगळ्या एका जाडीच्या आल्या की आडवी रेघ. मग 'ग', 'न', 'त', 'व'. यांत दांडी आणि एकच वळण आहे. मग 'क' आणि 'ब'. 'ळ' आणि 'ह' सर्वांत शेवटी, त्यांत हात दोनदा फिरतो. ब्रश अर्ध्या इंचाचा चपटा घे, अगदी स्वस्तातला नको, त्याचे केस रंगात सुटतात. जमलेली पानं इथे टाक. मी बघून सांगतो, आणि बाबांनाही दाखवतो.